घरच्या चित्रफितींचा छोटा चित्रपट: पहिल्या संकलनाचे अनुभव आणि शंका

ओंजळ (धागाकर्ती)

गेल्या तीन वर्षांत माझ्या फोनमध्ये घरच्या माणसांच्या दोनशेहून अधिक क्लिप साठल्या होत्या. त्या एकापुढे एक लावल्या असत्या तर सुमारे ६ तास चालल्या असत्या, आणि ते ६ तास बसून पाहील असे घरात कोणीही नव्हते. मागच्या महिन्यात मी त्यांतून ९ मिनिटांचा एक चित्रपट तयार केला, आणि तो मात्र घरातली माणसे पुन्हा पुन्हा लावून पाहतात. मी या कामाचे शिक्षण घेतलेले नाही आणि वापरलेले सॉफ्टवेअरही नवशिक्यांसाठीचेच आहे. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण सॉफ्टवेअरमधल्या बटणांची माहिती हवी तेवढी मिळते, पण हाताशी असलेल्या ढिगातून कोणता तुकडा ठेवायचा, कोणता सोडायचा आणि ठेवलेला नेमका कुठे तोडायचा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या अनुभवात नव्वद टक्के काम तेच होते.

एक उदाहरण देते. आजी सुईत दोरा ओवते आहे अशी १ मिनिट ४० सेकंदांची एक क्लिप होती. सुरुवातीला फोन नुसताच हलतो आहे. मग आजीचे हात चौकटीत येतात, ती दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून पिळते, पहिल्या खेपेला दोरा सुईच्या शेजारून जातो, दुसऱ्या खेपेलाही जातो, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कोणीतरी तिला हाक मारते, ती सुईवरची नजर न काढता ‘थांब जरा’ म्हणते, आणि तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून पार होतो. त्यानंतर ती मान वर करून माझ्याकडे पाहते. पुढे अर्धा मिनिट नुसते शिवणकाम आहे.

पहिल्यांदा मी दोरा पार होतो तेवढेच ४ सेकंद ठेवले. पाहिल्यावर लक्षात आले की त्यात काहीच उरलेले नाही, कारण आधी चुकल्याशिवाय दोरा पार होण्याला काही अर्थच नव्हता. म्हणून मी दोरा ओठांपाशी जातो तिथून सुरुवात केली, चुकलेल्या दोन खेपांपैकी एक ठेवली आणि दुसरी काढली. ती काढली त्या जागी चित्र खटकन उडी मारत होते. ती उडी झाकण्यासाठी दुसऱ्या दिवशी घेतलेले आजीच्या शिवणाच्या डब्याचे २ सेकंदांचे दृश्य मी वर ठेवले आणि खाली आवाज मूळ क्लिपचाच चालू ठेवला, त्यामुळे ती हाक आणि ‘थांब जरा’ हे शब्द डब्याच्या दृश्यावर ऐकू येतात. शेवटी मान वर केल्यानंतर पूर्ण २ सेकंद थांबून कट केला. सगळे मिळून १९ सेकंद झाले, आणि त्या १९ सेकंदांत आजी आहे.

घरगुती चित्रण आता एवढे विपुल झाले आहे की निवड करण्याची गरजच आपण विसरलो आहोत, असे मला वाटते. कोडॅकने १९६५ मध्ये सुपर ८ फिल्म आणली तेव्हा तिच्या एका काडतुसात (कॅमेऱ्यात बसवायच्या डबीत) ५० फूट फिल्म असे, आणि सेकंदाला १८ चौकटी, म्हणजे १८ स्थिर चित्रे, या नेहमीच्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपत असे. कॅमेऱ्याचा खटका दाबण्यापूर्वीच माणसाला विचार करावा लागे. त्याच्याही मागे गेलो तर सिनेमाचे आद्य प्रवर्तक लुमिएर बंधू यांनी १८९५ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या सुरुवातीच्या चित्रफितींपैकी एक म्हणजे चक्क घरातलेच दृश्य आहे. त्यांपैकी एक भाऊ आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवत आहेत, एवढेच त्यात घडते. एका मिनिटाहून कमी लांबीची, एकाही कटाशिवाय घेतलेली ती चित्रफीत आजही पाहावीशी वाटते, आणि पाहताना आपले लक्ष बाळाइतकेच मागे वाऱ्याने हलणाऱ्या पानांकडे जाते. म्हणून माझा आग्रह असा आहे की तुकडे कमी निवडावेत, पण निवडलेल्या तुकड्याला श्वास घ्यायला वेळ द्यावा. दर दोन सेकंदांनी दृश्य बदलणारी चित्रफीत डोळ्यांना चपळ वाटते, पण तिच्यातली माणसे लक्षात राहत नाहीत.

माझी कामाची पद्धत अशी होती. आधी सगळ्या मूळ क्लिपची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग सॉफ्टवेअर न उघडता, वही घेऊन, सगळे ६ तास चार संध्याकाळी पाहिले. एखाद्या ठिकाणी मला हसू आले, डोळे भरून आले किंवा मी मागे जाऊन पुन्हा पाहिले, तर क्लिपचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवली. वहीत ७० नोंदी झाल्या. चित्रपटात त्यांतल्या ३८ आल्या. चित्रण सुंदर आहे म्हणून ठेवलेली सूर्यास्ताची दोन दृश्ये शेवटच्या फेरीत काढून टाकली, कारण त्यांत घरातले कोणीच नव्हते.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात लिहिते. अ‍ॅपलच्या संगणकावर आणि फोनवर आयमूव्ही मोफत मिळते; ते १९९९ पासून आहे. विंडोजवर २००० मध्ये आलेला मूव्ही मेकर अनेकांच्या सवयीचा होता, पण मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्ये बंद केला, आणि आता विंडोज ११ बरोबर क्लिपचॅम्प येतो. ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर चालतात. मी शॉटकट वापरले. घरच्या चित्रपटाला तोडणे, सरकवणे, आवाज कमी-जास्त करणे आणि नाव लिहिणे एवढ्या चारच गोष्टी लागतात, आणि त्या यांपैकी प्रत्येकात आहेत. ज्यात क्लिप तोडायची कळ तुमच्या बोटाला लवकर सापडेल ते घ्यावे. शॉटकट आणि क्लिपचॅम्पमध्ये ती ‘एस’ आहे, आयमूव्हीत ‘कमांड’ आणि ‘बी’.

ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि ज्यांना करायचे आहे त्यांनी शंका विचाराव्यात, ही विनंती.

पायवाट

धागा अगदी वेळेवर आला. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी मला असेच काही करायचे आहे. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. फोनमधली क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, टाकली की चित्र अडखळत चालते, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहते, त्यामुळे नेमके कुठे तोडायचे ते कळतच नाही. नवा संगणक घेतल्याशिवाय हे काम होणार नाही का?

घड्याळकाटा

पायवाट, नव्या संगणकाची गरज नाही. आपल्याला बहुधा दोन वेगळ्या अडचणी एकाच वेळी येत आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

चित्र अडखळते याचे कारण बहुतेक वेळा फाइलच्या आतल्या संक्षेपात, म्हणजे चित्रण दाबून लहान करण्याच्या पद्धतीत, असते. अनेक फोन आता एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, या पद्धतीने चित्रण साठवतात. आयफोनवर २०१७ पासून ती सोय आहे. तेवढ्याच दर्जासाठी जुन्या एच.२६४ पेक्षा यात जागा बरीच कमी लागते, पण चित्र उलगडताना संगणकाला जास्त हिशेब करावा लागतो. त्यात चित्रण फोर के असेल तर प्रत्येक चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, आणि ते फुल एचडीच्या बरोबर चौपट आहेत. जुना लॅपटॉप इथे दमतो. यावर उपाय प्रॉक्सीचा आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक लहान, हलकी प्रत करून घेते, आपण त्या हलक्या प्रतीवर काम करतो, आणि शेवटी चित्रपट बाहेर काढताना ते आपोआप मूळ क्लिप वापरते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोन्हींत ही सोय आहे. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते काम रात्री लावून ठेवावे.

दुसरी अडचण अशी की प्रॉक्सी वापरल्यानंतरही ओठ आणि शब्द जुळत नसतील, विशेषतः लांब क्लिपच्या शेवटाकडे फरक वाढत जात असेल, तर चौकटींचा वेग बदलता असण्याचा संभव आहे. खोलीत उजेड कमी असला की फोन प्रत्येक चौकटीला जास्त प्रकाश मिळावा म्हणून सेकंदाला ३० ऐवजी कमी चौकटी घेतो, आणि उजेड वाढला की पुन्हा ३० वर येतो. फोनवर पाहताना हे जाणवत नाही, पण संकलनाचे सॉफ्टवेअर वेग एकसारखा आहे असे धरून चालले तर हिशेब चुकतो. अशा क्लिप आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून एकसारख्या वेगाच्या करून घ्याव्यात. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ असा पर्याय असतो. शॉटकट तर अशी फाइल ओळखून संकलनासाठी सोयीच्या रूपात बदलून देऊ का, असे स्वतःच विचारते. तेव्हा घाईने ‘नाही’ म्हणू नये.

पुढच्या चित्रणासाठी फोनच्या सेटिंगमध्ये फुल एचडी आणि सेकंदाला ३० चौकटी ठेवल्या तर घरच्या चित्रपटाला ते पुरेसे आहे. आयफोनवर कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की चित्रण एच.२६४ मध्ये होते.

रानवारा

ओंजळ यांच्या लेखनातली तळमळ पोहोचली, पण एका मुद्द्यावर मला असहमती नोंदवायची आहे. आजीच्या त्या १ मिनिट ४० सेकंदांतले ८१ सेकंद आपण काढून टाकलेत. माझी आई गेल्यानंतर मी तिच्या जुन्या क्लिप पाहिल्या तेव्हा मला सर्वांत मौल्यवान वाटले ते नेमके असेच निरर्थक सेकंद: फोन टेबलावर ठेवताना आलेला तिचा आवाज, चित्र नसताना ती कोणाशी तरी काही बोलते आहे. कोणत्याही संकलकाने ते ठेवले नसते. काय मौल्यवान आहे हे आज ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न मला खरोखरच पडतो.

ओंजळ

रानवारा, आपण लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबले. आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि त्यातून एक नियम काढावा असे वाटते: चित्रपट कितीही चांगला झाला तरी मूळ क्लिपपैकी एकही पुसायची नाही. टाइमलाइनवर तोडलेली क्लिप मूळ फाइलमध्ये तुटत नाही, तिथे ती जशीच्या तशी राहते. संकलनाचे सॉफ्टवेअर फक्त ‘या फाइलचा इथून इथपर्यंतचा भाग दाखव’ एवढी नोंद ठेवते. त्यामुळे आजीचे उरलेले ८१ सेकंद माझ्याकडे सुरक्षित आहेत आणि राहतील.

९ मिनिटांचा चित्रपट मी केला तो बाकीच्या घरासाठी, विशेषतः आजीला ज्यांनी फारसे पाहिलेले नाही अशा मुलांसाठी. सगळे ६ तास माझ्यासाठी आहेत. आपण म्हणता तसा चित्र नसलेला आवाज माझ्याही एका क्लिपच्या शेवटी आहे, आणि आपल्या प्रतिसादानंतर तो मी चित्रपटाच्या अखेरीस काळ्या पडद्यावर ठेवायचे ठरवले आहे.

निळीशाई

आवाजाविषयी मी लिहितो, कारण घरगुती चित्रपट बहुतेक वेळा तिथे फसतात आणि चूक दुरुस्त करणे मात्र सोपे असते.

पहिली चूक पार्श्वसंगीताची. संपूर्ण चित्रपटावर एक गाणे पसरले की माणसांचे बोलणे त्याखाली दबते, आणि काही वर्षांनी ऐकावासा वाटणार असतो तो माणसांचाच आवाज. माझ्या मते संगीत फक्त जिथे कोणी बोलत नाही तिथे असावे, आणि बोलणे सुरू होण्याच्या एक-दोन सेकंद आधीपासून ते हळूहळू खाली उतरावे. बोलण्याचे सर्वांत मोठे उच्चार सॉफ्टवेअरच्या आवाजमापकावर उणे ६ डेसिबलच्या आसपास आले तर बरे. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो. संगीत बोलण्याच्या खाली ठेवायचेच असेल तर ते १५ ते २० डेसिबलने कमी असावे. हे आकडे घरातल्या साध्या स्पीकरवर ऐकून पारखून घ्यावेत, कारण हेडफोनवर स्पष्ट वाटणारे बोलणे दूरचित्रवाणी संचावर हरवते.

दुसरी चूक कटाच्या जागी ऐकू येणाऱ्या खटक्याची. एका खोलीत पंखा चालू आहे आणि पुढच्या दृश्यात नाही, अशा वेळी चित्राचा कट डोळ्यांना जाणवत नाही, पण पंख्याचा आवाज एकदम तुटतो तो कानाला टोचतो. दोन्ही क्लिपचे आवाज टाइमलाइनवर चित्रापासून वेगळे करावेत आणि अर्धा सेकंद एकमेकांत मिसळू द्यावेत. ओंजळ यांनी डब्याच्या दृश्यावर आजीचा आवाज चालू ठेवला ते याच रीतीचे पुढचे पाऊल आहे. पुढच्या दृश्याचा आवाज आधी सुरू करणे किंवा मागच्या दृश्याचा आवाज पुढच्यावर रेंगाळू देणे, यांना टाइमलाइनवर दिसणाऱ्या आकारांवरून जे-कट आणि एल-कट म्हणतात. मला यातला पहिला फार आवडतो: दार बंद आहे, चित्रात कोणी नाही, आणि आतून बाळाचे हसू ऐकू येऊ लागते, मग आपण आत जातो.

पंख्याची घरघर फारच असेल तर ऑडॅसिटी या आवाजावर काम करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती कमी करता येते. कोणी बोलत नाही असा एखादा सेकंद निवडून त्या घरघरीचा नमुना घ्यायचा, मग पूर्ण आवाजावर प्रक्रिया चालवायची. हात आखडता ठेवावा, कारण जास्त सफाई केली की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. यापुढे चित्रण कराल तेव्हा प्रत्येक खोलीचा, कोणीही न बोलता, अर्धा मिनिट नुसता आवाज नोंदवून ठेवा. संकलन करताना रिकाम्या जागा भरायला तो उपयोगी पडतो, आणि घराचाही एक आवाज असतो हे तेव्हाच लक्षात येते.

अनुस्वार

मराठी नावे लिहिताना आलेला अनुभव सांगते. चित्रपटाच्या सुरुवातीला ‘श्रद्धेय’ असा शब्द होता आणि पडद्यावर ‘द्ध’ हे अक्षर फुटून दोन तुकड्यांत दिसू लागले. ‘स्मृती’मधला पाय मोडलेला ‘स’ वेगळा उभा राहिला. काही सॉफ्टवेअरना जोडाक्षरे नीट जुळवता येत नाहीत, काहींमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून चिकटवलेला मजकूर तर कुठेच नीट दिसत नाही. आधी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा युनिकोड फाँट वापरून पाहावा. तरीही अक्षरे फुटत असतील तर ज्या प्रोग्रॅममध्ये मराठी नीट उमटते त्यात नाव लिहून ते पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात साठवावे आणि ते चित्र टाइमलाइनवर सर्वांत वरच्या पट्टीत ठेवावे. अक्षरांना पातळ काळी कड दिली की पांढऱ्या भिंतीवरही नाव वाचता येते. नाव पडद्यावर किती वेळ ठेवायचे? मी सावकाश दोनदा मोठ्याने वाचून पाहते, तेवढा वेळ पुरतो.

पायवाट

घड्याळकाटा, मनापासून आभार. प्रॉक्सी करून घेतल्यावर लॅपटॉप आता व्यवस्थित चालतो आहे. आणखी दोन शंका आहेत. माझ्या निम्म्या क्लिप उभ्या धरलेल्या फोनवर घेतलेल्या आहेत आणि निम्म्या आडव्या, त्यांचे काय करावे? आणि बाबांच्या तरुणपणीचे सत्तरेक फोटो आहेत, ते नुसते एकामागून एक लावले तर फार कंटाळवाणे वाटते.

ओंजळ

उभ्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून भरण्याची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती आवडत नाही, कारण नजर त्या हलणाऱ्या धूसर पट्ट्यांकडे खेचली जाते. साधे काळे पट्टे शांत दिसतात. उभ्या क्लिपमध्ये एकच माणूस असेल तर ती मोठी करून आडव्या चौकटीत बसवता येते, मात्र वरखालचा बराच भाग जातो आणि चित्र थोडे मऊ पडते. चेहरा जवळून घेतलेला असेल तेव्हाच हे करावे. शक्य असेल तर सगळ्या उभ्या क्लिप एका प्रकरणात सलग घ्याव्यात, म्हणजे चौकट सारखी बदलत राहत नाही.

सत्तर फोटो मात्र फार झाले. मी असते तर त्यांतले पंधरा निवडले असते आणि बाबांना त्यांच्यापुढे बसवून बोलते केले असते. फोन टेबलावर आडवा टेकवून ठेवायचा, ध्वनिमुद्रण सुरू करायचे, त्यांच्या हातात एकेक फोटो द्यायचा आणि ‘हा कुठला?’ एवढेच विचारायचे. मग चित्रपटात फोटो पडद्यावर आणि आवाज त्यांचा. फोटोवर हळूहळू जवळ जाणाऱ्या किंवा एका बाजूने दुसरीकडे सरकणाऱ्या हालचालीला आयमूव्हीत केन बर्न्स इफेक्ट असे नाव आहे. स्थिर छायाचित्रांतून इतिहास सांगणाऱ्या अमेरिकी माहितीपटकाराचे ते नाव. आपोआप दिलेली हालचाल पुष्कळदा चेहऱ्याऐवजी कुठल्यातरी कोपऱ्याकडे जाते, म्हणून सुरुवातीची आणि शेवटची चौकट हाताने ठरवावी. बाबा ज्याच्याविषयी बोलत आहेत त्या चेहऱ्यावर चित्र जाऊन थांबले की फोटो जिवंत होतो.

जुनीपेटी

कोणाकडे जुन्या टेप असतील तर त्यांना आधी हात घाला, असे कळकळीने सांगतो. फोनमधल्या क्लिप पुढच्या वर्षीही उघडतील, पण टेपवरचा चुंबकी थर वयानुसार खराब होतो आणि ती चालवणारी यंत्रे मिळणेही अवघड होत चालले आहे. मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातली छोटी टेप, फायरवायरच्या तारेने संगणकात घेता येते, आणि ६० मिनिटांच्या टेपला ६० मिनिटेच लागतात, त्यात घाई करता येत नाही. व्हीएचएससाठी आवाज-चित्र पकडणारे वेगळे उपकरण लागते. संगणकात घेतल्यावर हात हलवणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नये. पाल, म्हणजे भारतातल्या जुन्या दूरचित्रवाणीच्या, पद्धतीच्या चित्रणात सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन भागांत नोंदलेली असते, त्या दोन भागांमधल्या हालचालीमुळे ते दात दिसतात. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडला की ते जातात.

माझ्या हातून झालेली एक चूकही इथे नोंदवतो. तीन आठवडे खपून केलेले संकलन मी ‘सेव्ह’ केले होते आणि निर्धास्त होतो. जागा कमी पडली म्हणून मूळ क्लिपचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले, काहींची नावे बदलली, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला तर टाइमलाइनवर सगळीकडे ‘फाइल सापडत नाही’. ओंजळ यांनी वर लिहिलेच आहे की प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त नोंदी असतात, चित्र नसते. जी फोल्डरे फक्त हलवली होती ती पुन्हा जोडून देता आली, पण नावे बदललेल्या चाळीस क्लिप एकेक उघडून ओळखाव्या लागल्या. आता मी काम सुरू करण्याआधी एकच फोल्डर करतो, त्यात क्लिप, फोटो, संगीत आणि प्रोजेक्ट फाइल सगळे ठेवतो आणि चित्रपट पूर्ण होईपर्यंत त्यातल्या कशाचेही नाव बदलत नाही.

घड्याळकाटा

जुनीपेटी यांच्या मुद्द्याला जोडून चित्रपट बाहेर काढण्याविषयी लिहितो. एक्स्पोर्ट करताना एमपी४ फाइल, एच.२६४, फुल एचडी आणि सेकंदाला साधारण ८ मेगाबिट एवढे निवडले तर चित्र चांगले राहते. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, म्हणून १० मिनिटांचा चित्रपट सुमारे ६०० एमबीचा होतो. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, जागा रिकामी असली तरीही. मोठ्या फाइलसाठी तो एक्सफॅट करून घ्यावा, मात्र तसे करताना त्यातला मजकूर पुसला जातो. संदेशाच्या अ‍ॅपवरून चित्रपट क्लिप म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जाऊन धूसर होतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा क्लाउडवर ठेवून दुवा द्यावा. प्रती किमान तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

निळीशाई

संगीताच्या हक्कांविषयी एक गोष्ट राहिली. चित्रपट घरातल्या घरात पाहायचा असेल तर अडचण सहसा येत नाही, पण यूट्यूबवर टाकला की तिथली कंटेंट आयडी यंत्रणा गाणे आपोआप ओळखते, आणि मग चित्रपटाचा आवाज बंद होणे किंवा तो अडवला जाणे असे काहीही होऊ शकते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळे संगीत मिळते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले, संगीत घेतले तर श्रेयनामावलीत कर्त्याचे नाव द्यावे, आणि ज्या परवान्यात ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ असे लिहिले आहे ते संगीत घेऊ नये, कारण चित्राशी जुळवून संगीत वापरणे हेही त्या परवान्यांच्या दृष्टीने नवे रूपांतरच ठरते. घरात कोणी पेटी, गिटार किंवा नुसती शीळ वाजवत असेल तर तेच नोंदवून वापरावे, असे मी सुचवेन.

पायवाट

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. चित्रपट जवळजवळ पूर्ण झाला आहे, १२ मिनिटांचा. ओंजळ यांनी सांगितल्याप्रमाणे बाबांना फोटो हातात देऊन बोलते केले. ते दीड तास बोलले, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी मला पहिल्यांदाच कळल्या. आता एकाच जागेवर अडलो आहे. शेवटचा फोटो माझ्या आईचा आहे. बाबांनी तो हातात घेतला, ‘हा कुठला?’ या प्रश्नावर ते काहीच बोलले नाहीत, अकरा सेकंद फोटोकडे पाहत राहिले, मग अंगठ्याने काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाले, ‘आता बंद कर ते.’ घरातल्या एकाचे म्हणणे असे की हा भाग काढावा आणि त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्रपट संपवावा. माझे मन होत नाही, पण बाबांना ते अवघड वाटेल का, अशीही भीती वाटते.

ओंजळ

पायवाट, आधी तो भाग एकट्या बाबांना दाखवा, बाकी कोणी खोलीत नसताना. ते नको म्हणाले तर काढा, कारण चेहरा त्यांचा आहे. त्यांची हरकत नसेल तर सगळे अकरा सेकंद ठेवा, एकही कापू नका, त्यावर संगीत नको आणि फोटोचे जवळून घेतलेले वेगळे दृश्यही नको. ‘आता बंद कर ते’ हे शब्द पूर्ण होऊ द्या, त्यांच्या हातातला फोटो खाली टेबलावर टेकल्याचा आवाज येऊ द्या, आणि तिथे कट करा.

पायवाट

काल रात्री दाखवला. बाबांनी तो भाग दोनदा लावायला सांगितला आणि म्हणाले, ‘राहू दे.’